ब्रेकचा फाऊल की आयोजकांची मर्जी?

परवा आमच्या गावातल्या पूल स्पर्धेत एका पोराला पहिल्याच फटक्यात घरी पाठवलं. एट-बॉल, एकाच डावाची फेरी. ब्रेकला काळा आठ नंबर पॉकेटमध्ये गेला, मागोमाग पांढराही. आयोजक म्हणाले, "हरलास. चल, पुढचा कोण?"

थांबा की राव! जागतिक पूल संघटनेच्या नियमांत ब्रेकला आठ नंबर जाणं हा फाऊलच नाही. सोबत पांढरा गेला तर फाऊल, पण डाव संपत नाही. समोरच्याने ठरवायचं : आठ नंबर परत टेबलावर ठेवून, ब्रेकच्या रेषेमागे पांढरा हवा तिथे ठेवून खेळायचं, नाहीतर स्वतः नव्याने ब्रेक करायचा. कारण उघड आहे. पंधरा बॉल एकदम फुटतात, कोणता कुठे जाईल हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या काही लीगमध्ये यावर डाव जातो, मान्य. पण तिथे तसं आधीच छापलेलं असतं, आणि नुसता आठ गेला तर डाव जिंकल्याचंही. इथे आदल्याच दिवशी आयोजकांच्या भाच्याचं हुबेहूब असंच झालं, तेव्हा "ब्रेक आहे, परत लाव" म्हणाले होते!

मी लेखी नियम मागितले. उत्तर मिळालं, "पत्रकार, तुम्ही तुमचं क्रिकेट लिहा."

उद्या उपांत्य फेरी. ब्रेकचे नियम भिंतीवर लावा, आणि त्या पोराला डाव परत द्या, नाहीतर त्याचे ५०० रुपये. सकाळी दहाला मी येतोय.