गोवर काही शिक्षा नव्हे

2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, तेव्हा इकडे मीरा रोडच्या नयानगरातही आम्ही एक वाक्य ऐकत होतो : ‘अम्मीचं ऐकत नव्हतास ना, म्हणून अल्लाहने ताप दिला!’ मोठी माणसं बोलून मोकळी होतात, चार-पाच वर्षांचं मूल ते खरं धरतं.

मुळात त्या वयाचा कलच तसा. ज्यां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना गोष्ट सांगितली : सफरचंदं चोरून पळणारा मुलगा पुलावर आला नि पूल मोडला. चोरी केली म्हणूनच मोडला, असं बहुतेक लहानग्यांनी सांगितलं. मग आजाराला मूल शिक्षा समजलं, तर नवल कसलं? असं मूल दुखणं लपवतं.

नाबालिग मुलाच्या नावे तर आपल्या दीनमध्ये गुनाह लिहिलाच जात नाही! त्याला सरळ सांगावं : कुणाच्या तरी खोकल्यातून उडालेला, डोळ्यांना न दिसणारा जंतू तुझ्या अंगात शिरलाय. आणि ‘डॉक्टर सुई टोचतील हं’ ही धमकीही बंद करावी. लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत.