पडद्यावरच्या गाड्या इतक्या धुतलेल्या का?

‘शोले’तल्या जय-वीरूकडे बुलेट होती, असं छातीठोकपणे सांगणारा एकजण प्रत्येक कंपूत असतो. ती बुलेट नव्हे, बीएसए. मॉडेल डब्ल्यूएम २०, एक सिलिंडर, पाचशे सीसी. हे मॉडेल ओळखायची सोपी खूण पुढच्या काट्यात आहे. बुलेटचा काटा दोन नळ्यांचा, टेलिस्कोपिक. डब्ल्यूएम २०चा गर्डर, म्हणजे लोखंडी दांड्यांचा सांगाडा आणि मधोमध एकच जाड स्प्रिंग. मागचं चाक थेट फ्रेमला बसवलेलं. तिथं शॉकअब्सॉर्बर शोधू नका, नसतोच.

दुसऱ्या महायुद्धात बीएसएने ब्रिटिश लष्करासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास मोटारसायकली बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी लष्करी लिलावांतून आपल्याकडच्या रस्त्यांवर आल्या आणि मेकॅनिकांच्या कृपेने पुढे कित्येक वर्षं धावल्या. त्यामुळे १९७५च्या सिनेमात दोन भुरटे १९४०च्या दशकातली फटफटी पळवतात, यात काहीच खटकत नाही. उलट तेच खरं वाटतं. त्यांना नवी कोरी गाडी कोण देणार होतं?

सिनेमातल्या गाड्या ओळखायचा नाद असलेली मंडळी बहुतेकदा एवढंच तपासतात की गाडी कथेच्या काळानंतरची तर नाही ना. तपासावंच. पण तशी चूक कुणी मन लावून केली असेल तर मी टाळ्याच वाजवतो. ‘द ग्रेट एस्केप’ची गोष्ट १९४४ची, त्यात स्टीव्ह मॅक्वीन जर्मनांची मोटारसायकल पळवतो. प्रत्यक्षात ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची ब्रिटिश ट्रायम्फ टीआर-६, लष्करी रंग फासलेली. खऱ्या जर्मन बीएमडब्ल्यूचे दोन सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे बाहेर आलेले असतात. इथं दोन्ही उभे, शेजारी शेजारी. चोरी लगेच पकडता येते. पण तारेच्या कुंपणावरून ती प्रसिद्ध उडी मारायला अवजड बीएमडब्ल्यू कामाचीच नव्हती. (उडी मॅक्वीनने नाही, स्टंटमन बड एकिन्सने मारली.)

माझी तक्रार वेगळीच आहे. हल्लीच्या सिनेमात किंवा वेबसिरीजमध्ये १९६०ची मुंबई आली की रस्त्यावरची प्रत्येक मोटार आत्ताच पॉलिश करून उभी असते. क्रोम लखलखतंय, टायर काळेभोर, मडगार्डला एक पोचा नाही. मॉडेलं अगदी बरोबर असतात, आणि तरी तो रस्ता रस्ता वाटत नाही, व्हिंटेज रॅलीची रांग वाटते. खरा रस्ता मिसळीचा असतो. १९६०च्या गिरगावात नवी अँबॅसेडर दिसेल तशी तिच्याआधीची लँडमास्टर दिसेल, उलट्या उघडणाऱ्या पुढच्या दारांची डुक्कर फियाट दिसेल, युद्धाआधीची थकलेली शेवरोले दिसेल, हातगाडी दिसेल आणि मुंबईची ट्राम १९६४पर्यंत चालू असल्याने तीही दिसायला हवी. यातली निम्मी वाहनं मळकी आणि एखादं तरी बंद पडलेलं.

पडद्यावरच्या चकचकाटाचं कारण सरळ आहे. गाड्या येतात संग्राहकांकडून, दिवसाच्या भाड्यावर, आणि सोबत मालक किंवा त्याचा माणूस फडकं घेऊन येतो. कॅमेरा फिरायच्या आत बॉनेटवरून एक हात फिरतोच. त्याचंही चूक नाही. एकेका सुट्या भागासाठी त्याने वर्षं घालवलेली असतात. पण नटाच्या सदऱ्यावर घामाचे डाग पाडणारं युनिट मोटारीवर धूळ का पाडू शकत नाही? शूटिंगला धुळीसाठी मुलतानी माती वापरतातच. ती पाण्याने निघते, रंगाला धक्का न लावता. शिवाय शहराबाहेरच्या गॅरेजांमागे न दुरुस्त झालेल्या जुन्या मोटारी गवतात रुतून उभ्या असतात. पार्श्वभूमीला त्यातल्या दोन-चार ओढून आणल्या तरी चित्र बदलेल.

नंबरपाटीला मात्र माफी नाही. ‘एमएच’ ही अक्षरं १९८९ मध्ये नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरची, आणि तेव्हाही खासगी गाडीची पाटी काळी, अक्षरं पांढरी. साठ सालच्या फियाटवर पांढरी पाटी आणि ‘एमएच ०१’ दिसलं की माझा सिनेमा तिथंच संपतो. त्या काळची पाटी रंगवून घ्यायला नुक्कडवरचा पेंटर चहाच्या वेळेत मोकळा असतो.