घेराव कशाला म्हणायचे?

एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलाभोवती वीस-पंचवीस माणसे जमतात, निवेदन देतात, चार खडे बोल सुनावतात आणि दहा मिनिटांत निघून जातात. दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रात मथळा येतो : 'अधिकाऱ्याला घेराव'. हा घेराव नव्हे, गराडा. त्या अधिकाऱ्याला उठून बाहेर जाता येत होते. घेरावात ते जमत नाही, आणि तेवढ्यासाठीच तर हा शब्द आहे.

आज तो ज्या अर्थाने जगाला माहीत आहे, तो अर्थ त्याला कोलकात्याने दिला. मार्च १९६७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये अजय मुखर्जींचे संयुक्त आघाडी सरकार आले. सुबोध बॅनर्जी कामगारमंत्री झाले. मंदीने कारखाने गांजले होते, कामगारांना नोकरी टिकण्याची खात्री नव्हती. त्यांचा राग खरा होता. २७ मार्चला सरकारने परिपत्रक काढले : कारखान्यात घेराव पडला, तर पोलिसांनी हस्तक्षेपाआधी कामगारमंत्र्यांचा आदेश घ्यावा. १२ जूनला दुसरे निघाले. घेरावाचे चित्र असे : व्यवस्थापक खुर्चीत, कामगार दारात आणि जिन्यावर. मागण्या मान्य होईपर्यंत त्याला घरी जाता येत नसे. टाळेबंदीत मालक कामगाराला बाहेर ठेवतो, इथे कामगार मालकाला आत ठेवत होते. फाटकावरची निदर्शकांची फळी आत जाणाऱ्याला अडवते, घेराव बाहेर पडणाऱ्याला. इंग्रजीत याला नेमका शब्द नव्हता. म्हणून कन्साइज ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या २००४ च्या आवृत्तीत 'घेराव' आपल्याच नावाने बसलेला दिसतो.

इंग्रजीत घेरण्याचे शब्द कमी नाहीत. पण प्रत्येकाचे मूळ वेगळे आणि काम वेगळे. 'सराउंड' ऐकायला गोल वाटतो, पण तो पाण्यातून आला आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाणी भरून वाहणे. 'सीज'च्या मुळाशी बसणे आहे : किल्ल्यासमोर ठाण मांडून बसायचे. मराठीही या बाबतीत गरीब नाही. कुंपण आणि कोट माणूस आपल्याभोवती घालतो, वेढा दुसऱ्याभोवती. विळखा सापाचा किंवा कर्जाचा, रिंगण वारीतले, कडे हातात हात धरलेल्यांचे.

कुंपण आणि वेढा यांतला फरक कोलकात्याच्याच इतिहासात दिसतो. याच शहराने १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने स्वतःभोवती खंदक खणायला घेतला होता. सात मैलांचा बेत होता, जेमतेम तीन मैल खणून झाले आणि काम थांबले. मराठे शहरावर आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्या बाजूने सर्क्युलर रोड झाला. बागबाजारातल्या एका गल्लीच्या नावात तो मराठा खंदक अजून आहे. तो वेढा नव्हता, वेढ्याच्या भीतीने घातलेले कुंपण होते, आणि तेही अर्धवट. हे दोन शब्द एक केले, तर इतिहासच उलटा होतो.

वाट अडवणे आणि कोंडणे यांतला फरक तर कायद्यात थेट शिक्षेत मोजलेला आहे. शिलाई यंत्रांची जय इंजिनिअरिंग वर्क्स ही कंपनी घेरावाच्या त्या दोन परिपत्रकांविरुद्ध कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. मुख्य न्यायमूर्ती डी. एन. सिन्हा यांच्या पीठाने सप्टेंबर १९६७ मध्ये दोन्ही परिपत्रके रद्द केली. दंडसंहितेत 'घेराव' शब्द नव्हता; न्यायालयाने त्या शब्दामागे काय घडले ते पाहिले. आपल्या कायद्याच्या मराठीत दोन शब्द आहेत : गैरनिरोध आणि गैरपरिरोध. निरोधात माणसाची जाण्याची वाट अडवली जाते. परिरोधात त्याच्याभोवती अशी हद्द घातली जाते, की तिच्यापलीकडे त्याला जाताच येत नाही. पहिल्याला जास्तीत जास्त महिन्याची कैद, दुसऱ्याला वर्षाची. एका 'परि'ने शिक्षा बारापट होते. २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेनेही कलम १२६ आणि १२७ मध्ये हा भेद जपला आहे.

हा भेद आपण मथळ्यात पुसतो, तेव्हा दोघांवर अन्याय होतो. निवेदन घेऊन गेलेल्या गावकऱ्यांवर न केलेल्या गुन्ह्याचा शिक्का बसतो. आणि कुणाला खरोखर रात्रभर कोंडून ठेवले, तर तीही रोजचीच बातमी वाटते. बातमीदार मित्रांनी लिहिण्याआधी एवढेच विचारावे, दार उघडे होते का? उघडे असेल, तर गराडा लिहा. बंद असेल, तर घेराव लिहा, आणि तो किती तास होता तेही लिहा.