रुंद दृष्टीचें भिंग

गेल्या माघांत आम्ही नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, मामांच्या वाड्यावर चार दिवस राहून आलों. वाडा माळवदाचा व जुना. चैत्रांत तो उतरवावयाचा हें ठरलेलें. मामींचें मागणें एवढेंच होतें कीं, माजघर एका चित्रांत सबंध यावें. चिरंजीवांनीं भिंतीस पाठ लावली, उंबऱ्यावर उभे राहून पाहिलें, शेवटीं फडताळाला टेकून बसले; तरी एक कोनाडा बाहेरच. "आजी, हें भिंग पुरत नाहीं," असें म्हणून ते आमच्याकडे पाहूं लागले. त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस ठाऊक आहे. नवें भिंग म्हणजे घरखर्चास मोठें भोंक.

आम्हीं मोजपट्टी मागविली. फिल्मच्या जागीं डिजिटल कॅमेऱ्यांत जो सेन्सर असतो, तो चिरंजीवांच्या कॅमेऱ्यांत साडेतेवीस मिलिमीटर रुंद. ही रुंदी भिंतीपासूनच्या अंतरानें गुणावी व भिंगाच्या केंद्रांतरानें भागावी, म्हणजे किती रुंद भिंत चित्रांत मावेल तें निघतें. मागें सरावयास जागा दहा फूट, भिंत अठरा फूट. हातांतलें भिंग कमींत कमी १८ मिलिमीटरचें; त्यांत तेरा फूटच येणार. अठरा फुटांस १३ मिलिमीटर हवें. ज्यांच्या कॅमेऱ्यांत जुन्या फिल्मएवढा, ३६ मिलिमीटर रुंद सेन्सर आहे, त्यांस याच माजघरांत २० मिलिमीटर पुरेल. भिंगावरचा आंकडा एकटा कांहीं सांगत नाहीं, तो असा.

तेव्हां १० पासून पुढचें भिंग घ्यावयाचें हें ठरलें. कॅननचें १० ते १८ मिलिमीटरचें भिंग २०१४ सालीं निघालें, निकॉनचें १० ते २० चें २०१७ सालीं. दोन्हीं हलकीं, आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीं केलेलीं. निकॉनच्या त्या भिंगाची केंद्रजुळणी कांहीं जुन्या कॅमेऱ्यांवर मुळींच चालत नाहीं. दुकानदाराच्या शब्दावर न जातां आपलाच कॅमेरा बरोबर नेऊन लावून पाहावें. अधिक प्रकाश आंत घेणारें महागडें भिंग घ्यावें काय? माजघर कांहीं पळून जात नाहीं. तिपाई लावून दोन सेकंद प्रकाश घेतला तरी चालतो, मग अधिकाचे रुपये कशास? अनेक चित्रें जोडून एक करण्याची युक्तीहि चिरंजीवांनीं करून पाहिली. मोकळ्या माळावर ती साधते. येथें खांब जवळ असल्यानें जोडावर तो तुटलेला दिसूं लागला. पुण्यामुंबईस भिंगें दिवसाच्या भाड्यानें मिळतात. आम्हीं तोच मार्ग धरिला, व यांत कांहीं कमीपणा मानला नाहीं.

भिंग हातीं आल्यावर जिल्हा पालथा घालण्याची हौस उसळलीच. भंडारदऱ्यास, १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाच्या कांठीं, सारें पाणी चित्रांत आलें आणि समोरचा रतनगड वारुळाएवढा झाला. रुंद भिंग दूरचें लहान करतें. डोंगरासाठीं तें घेणारे बहुधा पस्तावतात. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यांत मात्र त्याचें खरें चीज होतें. गार पाण्यांतलें शिवलिंग, चार खांबांतला शाबूत राहिलेला एक, वरचें खडकाचें छत. आणि मागें सरावयास जागा नाहीं! लोक ज्यास चांदबिबीचा महाल म्हणतात त्या सलाबतखानाच्या अष्टकोनी, तीन मजली कबरीपुढें चिरंजीवांनीं कॅमेरा वर उचलला, आणि इमारत मागें कलंडल्यासारखी आली. कॅमेरा समतल धरून खालची थोडी जमीन अधिक येऊं द्यावी व ती मागाहून कापावी, हें त्यांना तेथें उमगलें.

माजघराचें चित्र उत्तम आलें. मग त्यांत सगळीं माणसें बसवलीं. मामी अदबीनें कडेला बसल्या, आणि कडेची वस्तु ताणली जाते हा या भिंगांचा धर्मच असल्यानें त्यांचा चेहरा भोपळ्यासारखा रुंद झाला. मामा हंसले, मामी हंसल्या नाहींत. "घर नीट आलें, मी तेवढी वांकडी," एवढेंच म्हणाल्या. दुसऱ्या चित्रांत त्यांस मधल्या खांबापाशीं बसविलें व कडेला हंडे ठेविले. हंडे ताणले गेले, त्याचें कोणास कांहीं वाटलें नाहीं.

देवघराचें चित्र मात्र चिरंजीवांनीं जुन्याच भिंगानें, ५० मिलिमीटरवर घेतलें. त्यांत भिंत नाहीं, छत नाहीं. समई आहे, आणि तिची वात पुढें सारणाऱ्या मामी आहेत.