फिक्सीचा हब घेताय? आधी आटे बघा

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला माझ्या मावसभावाचा फोन आला. "ताई, फ्लायओव्हर उतरताना पॅडल एकदम मोकळे झाले गं. आईला सांगू नकोस." तो बडोद्यात इंजिनिअरिंगला आहे आणि ऑनलाइन जाहिरात बघून त्याने सेकंडहँड फिक्सी घेतली होती. पुढचा ब्रेक बसवल्याशिवाय चालवायची नाही, ही मावशीची अट होती. त्या अटीने त्या रात्री त्याला वाचवलं.

ज्यांना फिक्सी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या साध्या सायकलला मागे 'फ्री' असते, म्हणून पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. फिक्सीला फ्री नसते. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतात आणि वेग कमी करायचा तर पायांनी मागे जोर द्यायचा. हा सगळा जोर मागच्या छोट्या दातेरी चक्रावर, म्हणजे कॉगवर येतो आणि तिथून हबवर. कॉग हबवरून सुटला, तर पायातला ब्रेक गेला.

तो सुटू नये म्हणून केलेली जुनी युक्ती मला फार आवडते. कॉग सुलट्या आट्यांवर बसतो, म्हणून पॅडल मारताना आपोआप घट्ट होतो. त्याच्या बाहेरून लॉकरिंग बसते, तिचे आटे मात्र उलटे. तुम्ही मागे जोर दिला की कॉग सुटायला बघतो आणि सुटता सुटता लॉकरिंगला आणखी आवळतो. कॉगचे आटे 1.37 इंच व्यासाचे, लॉकरिंगचे 1.29 इंचाचे, आणि दोन्हीकडे इंचाला 24 आटे. या मापाचा कॉग कोणत्याही कंपनीचा चालतो.

भावाच्या हबवर हे आटेच नव्हते. तिथे खाचा होत्या, आणि त्या खाचांत बसणारा कॉग फक्त त्याच कंपनीचा. हबच्या खाचा झिजल्या आणि कॉग जागच्या जागी गरगरला. आम्ही स्टेशनजवळच्या तीन दुकानांत फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी चाक हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "बेन, आ अमारे त्यां नहीं मळे." एकाने वेल्डिंग सुचवलं. पण कॉग स्टीलचा आणि हब अ‍ॅल्युमिनियमचा. असे दोन धातू साध्या वेल्डिंगने जुळत नाहीत, आणि जुळले असते तरी त्यावर मी त्याला बसू दिलं नसतं. कंपनीने ते मॉडेलच बंद केलेलं होतं. शेवटी आख्खं मागचं चाक नवं घ्यावं लागलं.

मोठ्या कंपन्यांनीही हे करून बघितलंय. 1970च्या दशकात शिमानोने ट्रॅक सायकलींसाठी ड्युरा-एस 10 पिच नावाचा संच काढला. नेहमीच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसरीपर्यंतचं अंतर 12.7 मिलिमीटर असतं, यांनी ते 10 केलं. सगळं लहान झालं, हलकं झालं. पण चेन, पुढचं चक्र, कॉग, सगळं त्याच मापाचं हवं. पुढे तो संच बंद पडला आणि ज्यांच्याकडे होता ते सुटे भाग शोधत बसले. याउलट जपानची कैरीन बघा. 1948 साली कोकुरा शहरात सुरू झालेली ही ट्रॅकवरची सायकल शर्यत. तिथे लोक पैजा लावतात, म्हणून एनजेएसचा शिक्का असलेलेच भाग वापरायचे असा नियम आहे. तिथले हब दिसायला जुनाट, पण आटे नेहमीचे.

म्हणजे वेगळं दिसलं की टाळायचं का? तसं नाही. इटलीच्या मिकेचा कॉग दोन भागांत असतो. आतली कडी हबच्या आट्यांवर बसते आणि तिच्या खाचांत कॉग सरकवायचा. कॉग पटकन बदलता येतो. हा कॉग मिकेचाच लागतो हे खरं, पण हब साधा आहे. उद्या मिळाला नाही तर कडी काढा आणि दुसरा कोणताही कॉग बसवा. डिस्क ब्रेकच्या हबवर सहा बोल्टने बसणारे कॉगही मिळतात. त्या सहा भोकांचं माप ठरलेलं आहे, त्यामुळे तिथेही तुम्ही एका कंपनीच्या दारात अडकत नाही. मी तरी दुकानात एवढंच विचारेन, की ठरावीक भाग मिळाला नाही तर हब फुकट जाईल, की नुसता तो भाग?

सेकंडहँड घेत असाल तर कॉग काढून दाखवा म्हणा. विकणारा कुरकुर करेल, करू दे. लॉकरिंग हातात घेऊन बघा. जुन्या काम्पान्योलो हबच्या लॉकरिंगचं माप 1.32 इंच आहे. ती 1.29 च्या हबवर ढिली बसते, पण बसते, आणि धोका तिथेच आहे. फ्रीसाठीच्या हबवर कॉग चढवून साधी लॉकरिंग लावलेली असेल तर सरळ नाही म्हणा. तिथे उलटे आटेच नसतात, म्हणून मागे जोर दिला की दोन्ही एकत्र सुटू शकतात. चाक काढलंच आहे तर हबची रुंदीही मोजा. ट्रॅकच्या मागच्या हबची ती 120 मिलिमीटर असते. फ्रेम वेगळ्या मापाची असेल तर चाक नीट बसणार नाही.

बेअरिंगवरचा नंबर वाचा. 6000 किंवा 6001 असे नंबर असतील तर काळजी नको, ती बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतात, पंख्याची बेअरिंग मिळतात तशीच. आरे सरळ डोक्याचे असतील, किंवा 20-24 च असतील, तर एक आरा तुटल्यावर तो कुठून आणणार ते आधीच विचारा. 32 किंवा 36 आऱ्यांचं चाक दिसायला जड वाटतं, पण गल्लीतला सायकलवालाही ते ओढून सरळ करतो.

आणि एवढं वाचूनही तुम्हाला तो खाचांचाच हब हवा असेल (रंग सुंदर असतात, मान्य आहे) तर त्याच दिवशी दोन जादा कॉग आणि लॉकरिंग घेऊन कपाटात ठेवा.

भावाचं नवं चाक साध्या आट्यांचं, 32 आऱ्यांचं आहे. जुना हब मावशीने उदबत्तीसाठी ठेवून घेतलाय, आरे बसायच्या भोकांत काड्या छान उभ्या राहतात. तो कुठून आला हे तिला अजून सांगितलेलं नाही. ती हा कॉलम वाचत असेल तर, मावशी, मी संध्याकाळी फोन करते.