लपवायला काही नाही? मग तर टॉर वापराच!

"टॉर म्हणजे डार्क वेब. चोरांचं काम ते!" मित्रांनो, हे इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर द्यायलाच हवं. रात्री दाराला कडी लावणारे आपण सगळे चोर आहोत काय?

दुसरं ठरलेलं वाक्य : "व्हॉट्सअॅप एनक्रिप्टेड आहे की!" आहे, २०१६ पासून सगळ्यांसाठी आहे. पण बंद झालं ते पाकीट. पाकिटावरचा पत्ता उघडाच. कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोललं हे कंपनीला कळू शकतं. आधी डॉक्टर, मग वकील, मग घरी फोन. एवढं दिसल्यावर मजकूर वाचायची गरज कुणाला?

टॉर झाकतो तो हा पत्ता. एरवी निरोप तीन टप्प्यांतून जातो. पहिल्या टप्प्याला पाठवणारा दिसतो, शेवटच्याला मुक्काम. दोन्ही एकत्र कुणालाच दिसत नाही.

मी बेळगावच्या घरचा कॉम्प्युटर पुण्याच्या खोलीतून उघडतो, तो ओनियन पत्त्यानं. ५६ अक्षरं, आणि त्यातच त्या मशीनची सार्वजनिक किल्ली. राउटरमध्ये पोर्ट उघडायला नको, वेगळा आयपी विकत घ्यायला नको. मित्राला फाइल द्यायची तर ओनियनशेअर. ती माझ्या मशीनवरून त्याच्या मशीनवर जाते, मध्ये कुणाच्या क्लाउडवर साठत नाही.

हळू आहे, मान्य. व्हिडिओ कॉलचं तर नावच काढू नका. दोन्ही टोकांवर एकदम पाळत ठेवू शकणाऱ्यापुढं टॉर अपुरा पडतो, तेही खरं. पण कडी तुटू शकते म्हणून कुणी दार उघडं टाकून झोपत नाही.

आता खरा मुद्दा. ही कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. फक्त नौदलानं वापरली असती, तर त्यातून येणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे उघड झालं असतं. म्हणून ती सगळ्यांसाठी खुली असणं भाग होतं. आडोसा गर्दीचाच असतो.

तीच गर्दी आपण व्हायचं आहे. उद्या एखाद्या पत्रकाराला, घरात मार खाणाऱ्या एखाद्या बाईला टॉर लागेल. तिथं तेव्हा ती एकटीच असेल, तर ती लगेच नजरेत येईल. आपल्या नोट्स, फोटो, बॅकअप तिथून जात असतील, तर ती गर्दीत मिसळेल.

म्हणून सांगतो, लपवायला काही नसेल तर तुमचीच तिथं जास्त गरज आहे. या आठवड्यात एक फाइल तरी टॉरमधून पाठवा.