खताच्या मागें पाहणारा न्यायाधीश

दरवर्षीं जानेवारी महिना उजाडला कीं शहरोशहरीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या नांवानें व्याख्यानें होतात. १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाडास त्यांचा जन्म झाला आणि १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस ते वारले. जन्म आणि मृत्यु एकाच आठवड्यांत आल्यामुळें वक्त्यांची मोठी सोय झाली आहे. एका हारांत दोन्ही कामें उरकतात. सामाजिक परिषद, सार्वजनिक सभा, प्रार्थनासमाज, अर्थशास्त्र, मराठ्यांचा इतिहास, अशी यादी वाचली जाते आणि मंडळी चहा घेऊन घरोघर जातात. या यादींत कुणब्याचें नांव कोठें येत नाहीं. आणि आमचा कुणबीही, रानडे म्हणजे पुण्याच्या बामणांतले कोणी थोर गृहस्थ, आपल्याला त्यांचें काय, असें म्हणून घोंगडें झटकून मोकळा होतो.

आमचें म्हणणें असें कीं, नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें या माणसाचा हिशेब एकदां स्वतः मांडावा. आमच्या जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे; ज्या काळाची ही गोष्ट आहे त्या काळीं तें अहमदनगर होतें. हायकोर्टांत जाण्यापूर्वीं रानड्यांनीं नोकरीचीं पुष्कळ वर्षें जें काम केलें, तें आमच्याच आज्यापणज्यांच्या कर्जखतांचें काम होतें.

ही हकीकत १८७५ पासून सुरू होते. त्या सालीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें रयत सावकारांच्या घरांवर उठली, आणि पाहतां पाहतां तें लोण आमच्या पारनेर, श्रीगोंदें, नगर, कर्जत या तालुक्यांत पोंचलें. नगर जिल्ह्यांत ३९२ माणसें पकडलीं गेलीं व २०० जणांस शिक्षा झाल्या. पुणें जिल्ह्यांत ५५९ पकडले व ३०१ जणांस शिक्षा झाल्या. सरकारनें त्यास दंगा हें नांव दिलें. पण या दंगेखोरांनीं मागितलें काय? सावकाराच्या वाड्यापुढें उभे राहून त्यांनीं खतें मागितलीं. खतें हातीं आलीं तीं जाळलीं, आणि बहुतेक ठिकाणीं तेवढ्यावर जमाव परत फिरला. सरकारी चौकशी करणाऱ्या कमिशनलाही हें कबूल करावें लागलें कीं, माणसें मारण्याचा या लोकांचा हेतु नव्हता.

खतावरच राग कां, हें आजच्या तरुणांस सांगितलें पाहिजे. १८५९ सालीं सरकारनें मुदतीचा कायदा केला कीं कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आंत लावावा. कायदा करणाराच्या मनांत रयतेचें हित असेल. पण झालें उलटें. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार म्हणे, एकतर कोर्टांत चल, नाहींतर नवें खत लिहून दे. नव्या खतांत मागचें व्याज मुदलांत मिळवलें जाई. समजा, शंभर रुपये शेंकडा २५ दरानें घेतले आणि मधें कांहीं दिलें नाहीं. तीन वर्षांनीं खत १७५ चें झालें. सहा वर्षांनीं ३०६ चें. नऊ वर्षांनीं सुमारें ५३६ चें. आणि त्या शेवटच्या खतांत लिहिलेलें काय असे? ‘आज रोजीं रोख रुपये ५३६ घेतले.’ खालीं अंगठा. कोर्टापुढें तें खत आलें कीं न्यायाधीश कायद्यानें बांधलेला. अंगठा आहे, साक्षीदार आहेत, प्रतिवादी हजर नाहीं, सबब हुकूमनामा. प्रतिवादी बिचारा कोर्टाच्या पायरीचें भय धरून शेतांत बसलेला असे, किंवा समन्स त्याला पोंचलेंच नसे. मग जप्ती, लिलांव, नाहींतर दिवाणी तुरुंग.

या धक्क्यानें सरकार जागें झालें, आणि १८७९ सालचा सतरावा कायदा, म्हणजे दक्षिणी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, झाला. पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याखालीं आले. तो रानड्यांनीं केला नाहीं. सरकारनें आपल्या भीतीपोटीं केला. पण त्यांतील कलमें वाचून पाहा. न्यायाधीशानें केवळ खत पाहूं नये, पहिला रुपया कधीं आणि किती दिला तेथपासून हिशेब उलगडावा. व्याजावर व्याज धरूं नये. व्याज मुदलाहून अधिक देववूं नये. म्हणजे वरच्या उदाहरणांत ५३६ ची मागणी फार तर २०० वर येते. ऋणकोनें ‘होय, देणें आहे’ असें म्हटलें तरी तेवढ्यानें निकाल करूं नये. आपला हक्क काय हें पुरतें समजून त्यानें तें कबूल केलें आहे, अशी आधीं खात्री करून घ्यावी. कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालूं नये. जी जमीन लिहून गहाण दिली नाहीं ती विकूं नये. देणें हप्त्यानें फेडूं द्यावें. शंभर रुपयांच्या आंतील दाव्यांत, कोर्टानें खास परवानगी दिल्याखेरीज, वकीलच नको. अडाण्याच्या बाजूनें न्यायाधीशानें स्वतः प्रश्न विचारावेत, ही गोष्ट त्या काळच्या कचेऱ्यांत ऐकिवांत नव्हती.

कागदावरचा कायदा आणि कचेरींतला कायदा यांत जें अंतर असतें तें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. आणि या कायद्यांत एक मोठी मेख अशी होती कीं, खालच्या मुनसफाच्या निकालावर अपील नव्हतें. अपिलाच्या खर्चानें रयत मरूं नये हा हेतु चांगला. पण मुनसफ चुकला, किंवा कंटाळून जुन्या पद्धतीनें नुसतें खत पाहूं लागला, तर दाद कोठें मागावी? त्यासाठीं एक खास न्यायाधीश नेमलेला असे. त्यानें चारी जिल्ह्यांतील कोर्टांचीं कामें तपासावीं, कागद मागवावेत, चुकलें तें दुरुस्त करावें. रानडे १८८१ नंतर या कामांत आधीं सहायक म्हणून आले, आणि पुढें १८८७-८८ च्या सुमारापासून १८९३ मध्यें हायकोर्टांत जाईपर्यंत त्यांनीं खास न्यायाधीशाचें काम पाहिलें. यांत फिरती फार. तालुक्याचे गांव, तंबू, दप्तरांचे गठ्ठे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांत त्या फिरतीचे दिवस वाचावयास मिळतात. ज्या विद्वानाला पुण्याच्या दिवाणखान्यांत बसून ग्रंथ लिहितां आले असते, तो श्रीगोंदें-पारनेरच्या मुनसफांनीं कुणब्याचा हिशेब बरोबर केला कीं नाहीं हें तपासण्यांत उमेद घालवीत होता. आम्हीं त्यास मान देतों तो यासाठीं.

आणि हें तो सरकारची मर्जी राखण्यासाठीं करीत नव्हता. १८७८-७९ सालीं सरकारचा त्याच्यावर इतका वहीम कीं त्याची पुण्याहून नाशकास व तेथून धुळ्यास उचलबांगडी झाली, आणि टपालावरही नजर ठेवली गेली. सावकार एकटाच गुन्हेगार नाहीं; पीक बुडालें तरी ठरल्या तारखेस रोख सारा मागणारें सरकारच रयतेला सावकाराच्या दारांत ढकलतें, असें रानड्यांनीं सरकारी नोकर असतां लिहिलें. आमच्या आजकालच्या किती अधिकाऱ्यांची एवढी छाती आहे?

आतां दुसरी बाजू. ती झांकली तर हा लेख पुण्याच्या सभेंतला होईल. १८७३ च्या सप्टेंबरांत जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज काढला. त्याच वर्षीं रानड्यांची पहिली बायको वारली, आणि विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या या सुधारकानें वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न लावलें. पंचहौद मिशनच्या चहाचें प्रायश्चित्तही पुढें त्यांनीं घेतलें. १८७५ सालीं दयानंदांच्या मिरवणुकींत जोतीराव आणि रानडे दोघेही होते आणि पुण्याच्या सनातन्यांनीं चिखलफेक केली ती दोघांनीं सोसली, हें खरें. पण १८८५ सालीं ग्रंथकारांच्या सभेचें आमंत्रण आलें तेव्हां जोतीरावांनीं तें साफ परत केलें. जे आम्हांस माणुसकीचे हक्क खुशीनें देत नाहींत त्यांच्या सभेशीं आमचें जमणार नाहीं, हा त्यांच्या उत्तराचा रोख होता. कचेऱ्यांत भटकारकून कुणब्यास कसे नाडतात हें जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्यें उघडें केलेंच होतें. रानडे कारकुनांच्या वरचे होते, पण त्या कारकुनांची कचेरी बदलण्याचा मार्ग म्हणजे कुणब्याचें पोर शिकून त्या खुर्चीवर बसणें, हें जोतीरावांना जितकें स्वच्छ दिसलें तितकें रानड्यांना दिसलें असें आम्हांस वाटत नाहीं.

याहून मोठा मतभेद जमिनीचा आहे. रानड्यांचा कल असा कीं, कांहीं जमीन भांडवलवाल्या, हिकमती माणसाच्या हातीं जाणें देशाच्या शेतीस वाईट नाहीं. ज्याची जमीन जाते त्यानें काय करावें, याचें उत्तर ग्रंथांत सांपडतें, चुलीपाशीं सांपडत नाहीं. कायद्यांतही फट होती. तो ‘शेतकऱ्या’पुरता. स्वतः नांगराला हात न लावतां कुळांकडून जमीन पिकविणारा त्यांत शेतकरी ठरे. पण मागावर बसणारा साळी-कोष्टी, चाक फिरविणारा कुंभार, जोडे शिवणारा चांभार, ज्याचें पोट शेतीवर नाहीं असा कोणताही कारागीर, त्याच सावकाराकडून त्याच व्याजानें पैसे घेऊनही कायद्याच्या बाहेर राहिला. त्याला तुरुंग होताच, जुनें खतही होतें. कारागिरांच्या घरांतून या कायद्याची स्तुति कोणी ऐकली नसेल तर नवल नाहीं.

सावकारही कांहीं झोंपला नव्हता. खत उलगडलें जातें असें दिसतांच त्यानें गहाणखत सोडून खरेदीखत करून घेण्याची वाट धरली. कागदावर विक्री, तोंडानें ‘पैसे फेड आणि जमीन घेऊन जा.’ पुढें कायद्यांत दुरुस्ती करून, ही विक्री वास्तविक गहाण होतें असें तोंडी पुराव्यानें दाखविण्याची मुभा शेतकऱ्यास द्यावी लागली. आणि हळूहळू सावकारही बदलला. मारवाडी-गुजराच्या नांवानें बोटें मोडणाऱ्या आमच्यांतल्याच बऱ्या स्थितीच्या पाटलांनीं व्याजबट्टा सुरू केला. व्याजाला जात नाहीं. ही गोष्ट आमच्या चळवळींतल्या कांहीं मंडळींस अजून रुचत नाहीं.

रानड्यांना हें दिसत होतें कीं नुसत्या कायद्यानें भागत नाहीं. सावकार गेला तर बीं-बैलाला पैसा कोण देणार? म्हणून विल्यम वेडरबर्न यांच्याबरोबर त्यांनीं शेतकी पेढ्यांची योजना पुढें आणली आणि पुरंदर तालुक्यांत प्रयोग करावा असें ठरलें. विलायतच्या सरकारनें ती निकालांत काढली. सहकारी पतसंस्थांचा कायदा व्हावयास १९०४ उजाडलें. रानडे तेव्हां हयात नव्हते. त्या योजनेचें पीक पुढें आलें तें पुण्यांत न येतां आमच्याच जिल्ह्यांत आलें. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनीं गांवकऱ्यांची पतपेढी उभी केली आणि १९५० सालीं प्रवरेकांठीं शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहिला. त्या सहकाराचें पुढें कोणीं काय केलें तो निराळा लेख आहे, आणि तो लिहितांना आमची लेखणी इतकी मऊ राहणार नाहीं.

१८७९ चा कायदा आज नाहीं. १९४७ च्या कर्जनिवारण कायद्यानें त्याची जागा घेतली. पण त्यांतील तत्त्व मेलेलें नाहीं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ सालीं झाला. त्याप्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा आहे. व्याज मुदलाहून अधिक वसूल करतां येत नाहीं. आणि सावकारीच्या व्यवहारांत लिहून घेतलेली जमीन, कागदावर खरेदीखत असलें तरी, चौकशी करून मूळ मालकास परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकास आहे. म्हणजे खताच्या मागें पाहण्याचें काम आतां त्या कचेरीकडे आलें. त्यासाठीं मुदतीच्या आंत अर्ज मात्र आपण करावा लागतो, आणि येथेंच आमचें घोडें अडतें. ज्या घरांत माणूस कर्जापायीं फांस घेतो त्या घरांतील बाईला हा कायदा आहे हेंच कोणी सांगितलेलें नसतें. सावकाराचा माणूस मात्र दहाव्यालाही दारांत हजर असतो.

म्हणून येत्या जानेवारींत ज्यांना रानड्यांच्या तसबिरीला हार घालावयाचा असेल त्यांनीं खुशाल घालावा. आमची मागणी सहकार खात्यास आहे: त्या आठवड्यांत पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, नगर या चार तालुक्यांत, आधीं दवंडी देऊन, तुमचे अधिकारी बाजाराच्या गांवीं चावडीवर बसूं द्या. वकील नको, मध्यस्थ नको. शेतकरी, विणकर, कुंभार, जो कोणी कागद घेऊन येईल त्याचा कागद वाचून दाखवा, पहिला रुपया केव्हां घेतला तेथपासून विचारा, आणि जागेवर अर्ज लिहून घ्या. आणि बायांनो-बंधूंनो, तुम्हीं येतांना बँकेचें पासबुक, पैसे दिल्याच्या चिठ्ठ्या, फोनवरून पाठविलेल्या रकमांच्या नोंदी, सातबाऱ्याचा जुना उतारा आणि खरेदीखताची नक्कल एवढें फडक्यांत बांधून आणा. व्यवहाराच्या वेळीं हजर असलेला एखादा शेजारीही बरोबर घ्या.